फुटाळ्यावरची मोजणी

२९ डिसेंबर, दुपारचे दोन वाजून पन्नास मिनिटं. नागपूर स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, एस्तेर आढावचा डोळा लागतो. तिला झोपायचं नाही. तिचे वडील लेवी आढाव, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक, राहणार नगर, हरवले त्याला चव्वेचाळीस तास होऊन गेलेत आणि एवढ्या वेळात ती एकदाही आडवी झालेली नाही. आत्ताही झालेली नाही. पलंगाच्या कडेवर बसून पायातला मोजा वर ओढताना तिची हनुवटी छातीवर येते, इतकंच.

झोप पुरती लागेपर्यंत आधीचं सांगून टाकायला हवं.

आढावांकडे नाताळ बरेच दिवस चालतो. तेवीसला बायका करंज्या-शंकरपाळ्यांना बसतात. पंचवीसला देवळात उपासना आटोपली की सगळ्यांची एकच पंगत बसते आणि जेवणं झाल्यावर शहराची चिठ्ठी निघते. चिठ्ठीत येईल त्या शहराला सव्वीसच्या रात्री सगळं कुटुंब निघतं, दोन-तीन दिवस थंडीत फिरतं आणि वर्षअखेरच्या उपासनेला नगरला परत येतं. हैदराबाद झालं, इंदूर झालं, म्हैसूर झालं. ही पद्धत एस्तेरच्या आईने, तबिथाबाईंनी घातली. मोजणीही त्यांचीच. गर्दीत माणूस सुटू नये म्हणून त्यांनी प्रत्येकाला एक आकडा दिला होता. लेवी मास्तर एक, त्या स्वतः दोन, थोरली एस्तेर तीन, धाकटा नथानेल चार, त्याची बायको वनिता पाच. मग आत्या आणि तिची माणसं, आणि सर्वांत शेवटी नथानेलची मुलगी, बारा. गाडी हलण्याआधी ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. बारा ऐकू आल्याशिवाय ड्रायव्हरने किल्ली फिरवायची नाही.

तबिथाबाई गेल्या त्याला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. आकडे एकेक घर पुढे सरकवू या असं कोणी म्हणालं नाही. मागच्या नाताळात पहिल्यांदा मोजणी आली तेव्हा मास्तरांनी "एक" म्हटलं, जरा थांबले, आणि "दोन"ही म्हणून टाकलं. तेव्हापासून ते तसंच चालू राहिलं.

या वर्षी चिठ्ठीत नागपूर आलं. सत्तावीस तारखेला संध्याकाळी सहा चाळीसला, फुटाळा तलावाच्या काठाशी, भाड्याच्या मिनीबसमध्ये मोजणी झाली. आतले दिवे बंद होते. थंडीमुळे काचा लावलेल्या, प्रत्येकाचं डोकं शालीत नाहीतर टोपीत. एक ते बारा सगळे आकडे ऐकू आले. गाडी सुटली. सीताबर्डीला सगळे खरेदीला उतरले आणि पांगले. सव्वाआठला गाडीपाशी परत जमले तेव्हा मास्तर नव्हते. त्यांचा फोन एस्तेरच्या पर्समध्ये होता.

त्यामुळे पोलिसांच्या नोंदीत ते सीताबर्डीतून हरवले आहेत. दोन दिवस शोध चाललाय तो तिथेच. दुकानं, चहाच्या टपऱ्या, रिक्षास्टँड, दवाखाने. मास्तर गाडीतून उतरताना एकाही कॅमेऱ्यात दिसलेले नाहीत. "बर्डीत गर्दी लय असते ना बाई," असं हवालदार बोरकुटे समजावतात. "असन कुठंतरी कोणाच्या मागं झाकलेले. पाहून राहिलो ना आम्ही." मास्तरांना रात्रीची हृदयाची गोळी चुकवून चालत नाही, दोन चुकल्या आहेत. पहाटे पारा नऊवर होता.

मोजा वर येत नाही. एस्तेर ओढते, तो पुन्हा घसरतो, ती पुन्हा ओढते. मग तिच्या लक्षात येतं की ओढणारे हात तिचे नाहीत.

आई खाली फरशीवर बसलेली आहे. एस्तेरचा पाय तिच्या मांडीवर आहे.

"सलाम," आई म्हणते.

"सलाम, आई."

"टाच फाटलीये. बघितलं नाहीस?"

"वेळ नाही मिळाला."

"तुला कधी मिळाला होता."

आईच्या अंगावर दवाखान्यातला हिरवा गाऊन आहे आणि त्यावर घरचा निळा स्वेटर, बटणं एक घर चुकवून लावलेली. एस्तेरला ती नीट लावून द्यावीशी वाटतात, पण हात उचलत नाही. आईचे केस ओले आहेत. खोलीत खिडकीतून ऊन येतंय आणि ते आईपर्यंत पोचत नाही.

"तू कशी आलीस?"

"तुमच्याच गाडीने. मागच्या सीटवर होते. मागे वळून कोणी बघतं का?"

तळणीचा वास येतो. पलंग आता नगरच्या स्वयंपाकघरातला लांब बाक झालाय, किंवा आधीपासून तोच होता. तेवीस तारीख आहे. बायका पाठ करून ओळीने बसल्यात, पाटावर पाऱ्या लाटल्या जातायत. एस्तेरच्या हातात कातण आहे.

"आमच्या नर्सबाईंच्या करंज्या बघा," आत्या पाठमोरीच म्हणते. "पट्टी बांधल्यासारख्या."

"पट्टी तरी बांधते ती," आई म्हणते. "तुमच्या तेलात पडल्या की तोंड उघडतात. जशी मालकीण."

बायका हसतात. पाठी हलतात. एकीचाही चेहरा दिसत नाही. एस्तेरलाही हसू येतं, आणि हसताना तिला आठवतं की तिला काहीतरी विचारायचंय. जगात हे एकाच माणसाला विचारता येईल आणि ते माणूस आत्ता शेजारी बसलंय. ती आईच्या कानाशी वाकते.

"आई, पप्पा तुझ्याकडे आलेत का?"

आईचा हात थांबतो.

"माझ्याकडे? माझ्याकडे कशाला येतील? तुमच्याबरोबर सहलीला गेलेत ना."

बाकीच्या बायकांचे हातही थांबलेत. तेलाचा आवाज बंद होतो, गॅस चालू असताना.

"हो, हो," एस्तेर म्हणते. "खालीच बसलेत. सहज विचारलं."

"असं सहज विचारतात?" आई तिच्याकडे बघत राहते. मग तिच्यापुढची करंजी उचलते, तळहातावर जोखते आणि कानाशी नेऊन हलवते. "ही रिकामी आहे, एस्तू."

"नाही."

"सारण घातलंच नाहीस. कडा मात्र किती छान बंद केल्यास." ती करंजी बाजूला ठेवते. पुढची उचलते, तीही रिकामी. त्याच्या पुढचीही. अख्खं ताट. "बरं, असू दे. मास्तरांना बोलाव वर. चहा गार होतोय त्यांचा."

एस्तेर उठते. दार उघडते तर समोर लॉजचा जिना असायला हवा. समोर तिच्या दवाखान्याचा वॉर्ड आहे. पुरुषांचा की बायकांचा ते कळत नाही, कारण प्रत्येक खाटेवर गळ्यापर्यंत घोंगडं आणि डोक्यावर चॉकलेटी माकडटोपी आहे. सत्तावीस वर्षं ती या वॉर्डांमधून चालत आलीय. कोण जागं आहे, कोण झोपलंय आणि कोण गेलंय, हे तिला दारातून कळतं. आत्ता कळत नाही. ती पहिल्या खाटेवरची टोपी वर करते. आत टोपीच आहे. दुसऱ्या खाटेवरही. "पप्पा," ती हळू म्हणते, कारण वॉर्डात मोठ्याने बोलायचं नसतं. "पप्पा, चहा." कोणीतरी खोकतं. ती त्या दिशेने जाते, खाटा जवळजवळ येतात, मधली वाट अरुंद होते, तिचा गुडघा सीटच्या लोखंडाला लागतो आणि ती मिनीबसमध्ये आहे.

गाडीत अंधार. काचांवर श्वासाचं धुकं. पुढे सगळी डोकी. शेजारी, मास्तरांच्या जागेवर, आई बसलीये आणि तिने सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरलाय, जसा ती नेहमी धरायची, गाडी उभी असली तरी.

"मोजणी," पुढून नथानेलचा आवाज येतो.

कोणी काही म्हणत नाही.

"मोजणी. चला, लोकहो, बर्डी बंद होईल."

ड्रायव्हरने किल्ली हातात वर धरलीय. वनिता उसासा टाकते. तो उसासा एस्तेरला पाठ आहे. आत्याकडचा कोणीतरी म्हणतो, मास्तर, एक म्हणा की, का तेही विसरलात? कोणीतरी हसतं. एस्तेरच्या तोंडात काहीतरी भरून येतं, दात हलत असल्यासारखं, आणि ते बाहेर टाकल्याशिवाय श्वास घेता येणार नाही.

"एकदोनतीन," ती एका दमात म्हणते.

"चार," नथानेल म्हणतो. "पाच," वनिता. सहा, सात, आठ, आकडे मागे पळत जातात आणि बारावर थांबतात. किल्ली फिरते.

"हे कोण म्हणालं?" आई विचारते.

"कोणतं?"

"एक."

"पप्पा."

"तुझ्या तोंडातून?"

गाडी चालू लागलीये आणि बाहेरचं काही हलत नाही. काचेपलीकडे तलावाकाठचे दिवे जागच्या जागी आहेत.

"ते विसरायचे गं," एस्तेर म्हणते. "सकाळपासून. आपला आकडा आलाय हेच त्यांच्या लक्षात यायचं नाही. झिरो माइलला सगळे थांबून राहिले, नाथा घड्याळ बघत होता. मी त्यांच्या कानात सांगितलं तेव्हा म्हणाले. महाराजबागेत मीच म्हणून टाकलं. ते शेजारीच होते, आई. हसले. म्हणाले, बरं झालं, माझं काम वाचलं."

"आणि फुटाळ्याला?"

"फुटाळ्याला मला वाटलं, पुढे ड्रायव्हरजवळ बसलेत. दुपारपासून तिथेच बसत होते ना, काच मोठी म्हणून."

"बघितलंस?"

"अंधार होता."

"एस्तू. बघितलंस?"

"नाही."

दांडा सोडून आई एस्तेरचा डावा हात आपल्या मांडीवर घेते. तिचे हात गार आहेत, पण गेलेल्या माणसाचे नाहीत; भांडी घासून आलेल्या बाईचे गार.

"रात्री पोलिसाने विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

"नाथा म्हणाला, पप्पांनी एक म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. सगळे म्हणाले, हो, आम्हीपण."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"का?"

"मला वाटलं, कदाचित त्यांनीही म्हटलं असेल. माझ्याबरोबर. दोन आवाज एकत्र झाले असतील." ती आईकडे बघत नाही. "मग रात्र झाली. मग सकाळी नाथा सगळ्या रिक्षावाल्यांना फोटो दाखवत फिरत होता, त्याला म्हटलं, सांगू. मग म्हटलं, आता बर्डीतच सापडतील, आता सापडतील, मग सांगायची गरजच नाही."

"म्हणजे सगळे बर्डीत शोधतायत."

"हो."

"आणि फुटाळ्याला कोण शोधतंय?"

आई एस्तेरचा हात उताणा करते, बोटं सरळ करते.

"ये, आपण मोजू. एका हातात मावतो आपण. चार बोटांची बारा पेरं. मला याचं किती सुख होतं, तुला सांगते. बसमध्ये, देवळात, बाजारात, पदराखाली हात ठेवून मी मोजत असायची. तुम्हाला वाटायचं, मी प्रार्थना करतेय."

ती तर्जनीच्या टोकाचं पेर सोडून देते आणि दुसऱ्यावर अंगठ्याचं नख रोवते.

"दोन. मी. माझं काही बघू नकोस, मी आहे."

नख पुढच्या पेरावर जातं. "तीन, तू." दुखतं. "चार, नाथा. झोपेतसुद्धा रागावलेला. पाच, वनिता. तिला म्हणावं, उसासे टाकत जाऊ नकोस, माणसाला ऐकू येतात." सहा आत्या, मधलं बोट संपतं, सात, आठ, अनामिका, करंगळी. प्रत्येक पेरावर ती तेवढ्याच जोराने दाबते आणि नाव घेते. करंगळीच्या बुडाशी बारा. मग ती पुन्हा तर्जनीच्या टोकाकडे येते आणि अंगठा तसाच हवेत धरते.

"हे राहिलं."

"दाब ना," एस्तेर म्हणते.

"ते कुठायत सांग, मग दाबते."

"मला माहीत नाही."

"मलाही नाही."

"असं कसं? तुला माहीत असायलाच हवं. आई, तिकडे आले असतील तर सांग. मी सहन करीन, मी नर्स आहे. आले नसतील तर तसं सांग. दोन्हीतलं काहीतरी एक सांग. मी कोणाला विचारू दुसरं?"

"मला कोण सांगतं तिकडे," आई म्हणते. "मी तर निर्धास्त होते. तुझ्यापाशी ठेवून गेले होते ना त्यांना."

ती उठते. सीटखाली वाकून बघते. पुढच्या सीटखाली बघते. "मास्तर," ती हाक मारते, घरातल्या आवाजात, जेवायला बोलावताना मारायची तशी. मग गाडीचं दार उघडून खाली उतरते.

काठावर नगरच्या देवळातले बाक मांडलेत, पाण्याकडे तोंड करून, आणि पहिली रांग पाण्यात आहे. बाकांवर माणसं आहेत, टोप्या घातलेली, पाठमोरी. आई एकेकासमोर जाऊन वाकते, चेहरा बघते, पुढे जाते. गाऊनची खालची कड भिजते. एस्तेरला उतरायचंय, पण पायात मोजा अर्धाच चढलाय आणि त्यातून पाय निघत नाही.

"आई, पाण्यात नको जाऊस."

"इथं खोल आहे का गं?"

"माहीत नाही. मागे ये."

"मला पोहता येत नाही, म्हणून विचारलं."

आई गुडघाभर पाण्यात उभी आहे. तिचा चेहरा एस्तेरने एकदाच असा बघितलाय, डॉक्टर बाहेर येऊन काही न बोलता हातमोजे काढत होते तेव्हा. आईला भीती वाटतेय. आपल्याला धीर द्यायला ती आलेली नाही, हे एस्तेरला कळतं. ती तिच्या नवऱ्याला शोधायला आलीय आणि तो इथेही नाही.

"मास्तर," आई पाण्यावर हाक मारते. मग मागे वळते. "एस्तू, मला थांबता येणार नाही. हा गाऊन परत द्यायचाय."

"देऊ मागाहून."

"त्या बाई थांबल्यात." ती काठाशी येते आणि स्वेटरची बटणं काढायला लागते, चुकीच्या घरातून एकेक. "तू नाथाला सांग. आत्ता. त्याच्याकडे बघून सांग."

"तो मला कधी माफ करणार नाही."

"मास्तर सापडले तर करेल."

"आणि नाही सापडले तर?"

आई खाली बघून बटणं काढत राहते. शेवटचं बटण अडलंय. ती ते काढते, पुन्हा लावते, पुन्हा काढते, आणि एस्तेर उत्तराची वाट बघते. बघत राहते.

तीन वाजून सोळा मिनिटं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेतंय. एस्तेर पलंगाच्या कडेवर आहे, मोजा टाचेशी अडलेला, मान अवघडलेली. सव्वीस मिनिटं. डावा हात उताणा मांडीवर पडलाय आणि ठणकतोय.

चार बोटांच्या पेरांवर नखांच्या खुणा आहेत. लाल, चंद्रकोरीसारख्या, करंगळीच्या बुडाशी तर रक्त साकळलंय. ती त्या मोजते. अकरा. तर्जनीच्या टोकाचं पेर कोरं आहे. ती उजवा हात वर करून बघते. कामामुळे तिची नखं कायम बोटालगत कापलेली असतात. उजव्या अंगठ्याचं नख ती डाव्या तळव्यावर जोर लावून दाबून बघते. पांढरा डाग उठतो आणि जातो. खूण राहत नाही.

ती चपला न घालता जिना उतरते.

नथानेल खाली, लॉजच्या काउंटरपाशी, 'हरवले आहेत' असं छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन उभा आहे. शेजारी वनिता खुर्चीत.

"नाथा, एक मी म्हटलं होतं."

"काय?"

"फुटाळ्याला. एक मीच म्हटलं होतं. पप्पांनी नाही. ते गाडीत होते की नाही, मी बघितलं नव्हतं."

"ताई, मी ऐकलंय. पप्पांचा आवाज होता."

"माझा होता. सकाळपासून मीच म्हणत होते."

नथानेल गठ्ठा काउंटरवर ठेवतो. कडा जुळवतो. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"चव्वेचाळीस तास झाले, ताई."

"पंचेचाळीस होत आले."

"तू माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस. काल. मी म्हटलं, कॅमेऱ्यात का दिसत नाहीत, आणि तू म्हणालीस, साखर कमी आहे." त्याचा आवाज चढलेला नाही. "आईने विचारलं असतं तर तिलाही असंच सांगितलं असतंस?"

एस्तेर खुणांचा हात पाठीमागे नेते.

"आधी बोरकुट्यांना फोन लावा," वनिता उठत म्हणते. "काय बोलायचं ते नंतर बोला. आयुष्य पडलंय."

तीन पंचवीसला हवालदार बोरकुट्यांना कळवलं जातं. ते पलीकडून म्हणतात, "बाई, हे आधी सांगाले पाहिजे होतं ना जी." चार वाजून दहा मिनिटांनी ते दोन शिपाई घेऊन फुटाळ्याला पोचतात. आढावांपैकी चौघं तिथे आधीच आलेले असतात.

कणसं भाजून विकणाऱ्या माणसाला फोटो दाखवावा लागत नाही, मास्तरांच्या माकडटोपीचा रंग सांगितल्यावर तो मान हलवतो.

"होते ना. मास्तरवानी बोलत. परवाच्या दिवशी, संध्याकाळी. जी गाडी थांबे, तिच्या दाराशी जाऊन उभे राहत आन् एक म्हणत."

"एक?" बोरकुटे विचारतात.

"हो. एक म्हणत आन् थांबत. पोट्टे हासत. मी म्हटलं, बाबा, कोणाची वाट पाहून राहिले? त म्हणे, दोन येऊ द्या. दोन आले की निघू."

एस्तेर बाजूच्या बाकावर बसते. नथानेल तिच्याकडे बघत नाही, पण तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन उभा राहतो.

"मग गेले कुठं?"

"ते नाही सांगता येत साहेब. साडेआठले मी हातगाडी लोटली. तवा बसले होते तिथंच. मी एक कणीस देल्लं त्याईले. सकाळी आलो त नव्हते."

काठाने पाण्यात बघायला दोन माणसं लावली जातात. पाच वाजेपर्यंत काही मिळत नाही. शहरातल्या तीन मोठ्या दवाखान्यांत अनोळखी म्हणून दाखल झालेल्यांत मास्तर नाहीत. बाकीच्यांकडून कळायचं आहे.

पाच वीसला तलावासमोरच्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मिळतं. सत्तावीस तारीख, रात्रीचे नऊ बावीस. माकडटोपी घातलेला एक म्हातारा माणूस रस्ता ओलांडतो आणि डावीकडच्या चढाने चालू लागतो. चेहरा दिसत नाही, चाल मास्तरांची आहे असं वनिता म्हणते. त्याच्या शेजारून, अर्धं पाऊल पुढे, आणखी कोणीतरी चालतंय, असं नथानेलला वाटतं. तो ते चार वेळा मागे नेऊन बघतो. बोरकुटे म्हणतात, ती दिव्याची सावली आहे, त्या खांबाजवळ सगळ्यांची तशीच पडते.

चढ संपल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. दोन्हींकडे माणसं गेली आहेत. एस्तेर पहिल्या गाडीत बसून गेली, तिने ते चित्रण पाहिलेलं नाही. पाच पन्नासपर्यंत कोणाचाही फोन आलेला नाही.